सोनेगाव ते दमदम

कोलकात्यात उजाडतं लवकर. ऐन डिसेंबरातही सव्वासहाला दमदमकडच्या आमच्या गच्चीच्या कठड्यावर ऊन आलेलं असतं, आणि नागपूरला आत्याच्या ओसरीवर तेव्हा दिवा चालू असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य इथे अर्ध्या तासाहूनही आधी येतो. १९४८ पर्यंत कलकत्त्याची स्वतःची वेळ होती, आजच्या भारतीय वेळेच्या सुमारे २३ मिनिटं पुढची. या शहराच्या सकाळी पाहिल्या की ते पटतं.

दमदम ते नागपूरचं सोनेगाव हे हवाई अंतर साधारण ९८५ किलोमीटर. थेट विमान पावणेदोन-दोन तासांत पोचवतं. गीतांजली एक्सप्रेसने जायचं तर दुपारी हावड्याला बसायचं आणि दुसऱ्या सकाळी नागपूरला उतरायचं. मी दोन्ही केलंय. तरीही हे अंतर मला खरं कळलं ते बाबांच्या पेटीतल्या एका निळ्या आंतर्देशीय पत्रावरून.

पत्र आजीचं. जागा पुरली नाही म्हणून तिने डिंकाच्या पट्टीच्या कडेलाही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘कुणी येणारं असेल तर कळव, पापड लाटून ठेवलेत.’ वर नागपूरचा शिक्का आणि शेजारी कलकत्त्याचा, लगेच दुसऱ्या दिवसाचा. त्या दोन तारखांच्या मधल्या रात्री काय काय झालं असेल, याचा विचार मी कितीदा तरी केलाय.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता या चार ठिकाणांहून रात्री विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमानं बदलत, आणि उजाडेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. देश झोपेत असताना त्याची पत्रं नागपूरच्या धावपट्टीवर हातोहात फिरत होती. त्याच वर्षी साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची सोय झाली, त्यामुळे आजीसारख्या बाईच्या पापडांचा निरोपही आकाशातून जाऊ लागला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

या चौघांत सर्वांत लांबचा पल्ला कलकत्त्याच्या विमानाचा. सुरुवातीच्या डाकोटा विमानांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका बाजूचे साडेतीन तास तरी. त्यात परतीची वाट पूर्वेची, सूर्य समोरून येणार. परतताना बाकीच्यांना मिळे तेवढी रात्र या विमानाला कधी मिळालीच नाही. थैल्या उचलणारा हमाल, टपाल लावणारा कारकून, झोप आवरत बसलेला वैमानिक, यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. आजीचं पत्र मात्र त्यांच्याच हातांतून आलं. पुढे थेट जाणारी वेगवान विमानं आली आणि सोनेगावची ती मध्यरात्र संपली.

आज सकाळी आत्याला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, ‘‘उजाडलं का गं तिकडे?’’

मी हो म्हणाले. मग तिच्याकडे उजाडेपर्यंत आम्ही बोलत राहिलो.