झुडपाखालचा एलिया



दर तीन वर्षांनी ऑगस्टमधल्या एका रविवारी आपण मिस्सामध्ये एलिया संदेष्ट्याविषयीचे एक छोटे वाचन ऐकतो. जेमतेम पाच वचने. वाचक खाली उतरतो, स्तोत्र सुरू होते आणि वाचन विसरले जाते. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन जवळ आला आहे, म्हणून त्या वाचनाकडे पुन्हा वळू या.

एलिया काही कच्च्या श्रद्धेचा माणूस नव्हता. कर्मेल डोंगरावर बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. पण ईजबेल राणीची धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवले, रानात एक दिवसाची वाट एकट्याने चालला, एका झुडपाखाली बसला आणि आपला प्राण घ्यावा अशी त्याने देवाला विनवणी केली. सेवकाला मागे ठेवले, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. खचलेला माणूस आधी जवळच्यांनाच दूर करतो. घरातला कोणी अचानक गप्प झाला, जेवणाच्या ताटावरून उठू लागला, तर तो सेवकाला मागे ठेवत आहे, असे समजावे.

देवाने एलियाला रागे भरले नाही. देवदूत आला, त्याने त्याला स्पर्श केला आणि गरम भाकर व पाण्याची सुरई दाखवली. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला. पुढे होरेब डोंगरावर देवाने त्याला विचारले की तू येथे काय करतोस? एलियाने आपले गाऱ्हाणे मांडले. थोड्या वेळाने देवाने तेच पुन्हा विचारले आणि एलियाने तेच गाऱ्हाणे शब्दाला शब्द पुन्हा सांगितले. ‘हे तू मघाशीच सांगितलेस’ असे देव म्हणाला नाही. त्याने दोन्ही वेळा ऐकून घेतले.

आपल्या नाशिकमध्ये ही झुडपे कुठे आहेत? सातपूर-अंबडच्या कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराच्या घरात. अवकाळी पावसाने द्राक्षबाग झोडपलेल्या निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलाच्या कॉट बेसिसच्या खोलीत. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. दिवसाला साधारण बासष्ट माणसे. त्यात आपले ख्रिस्ती बांधव नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

आम्हा धर्मगुरूंचेही चुकते, हे येथे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक माऊली पॅरिश ऑफिसात आली. मुलगा रात्र रात्र जागतो, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणतो, हे तिने कसेबसे सांगितले. आम्ही तिला नोव्हेना करायला सांगितले, मिस्साचे इंटेन्शन लिहून घेतले आणि घड्याळाकडे पाहिले, कारण बाहेर लग्नाच्या तालमीची मंडळी थांबली होती. पुढे त्या मुलाला त्याच्या मामाने डॉक्टरांकडे नेले आणि तो सावरला. पण ती माऊली पुन्हा कधीच काही सांगायला आमच्याकडे आली नाही. नोव्हेना करावी, जरूर करावी. पण त्या दिवशी तिला आधी भाकर आणि पाणी हवे होते.

ऐकून घेण्याच्या या कामातून हेल्पलाइनचा जन्म झाला, तोही एका चर्चमध्येच. चॅड वारा हे इंग्लंडमधले अँग्लिकन धर्मगुरू. १९३५ साली, नव्यानेच सेवेत असताना, त्यांना चौदा वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी करावा लागला. वयात येताना शरीरात होणारा बदल म्हणजे काहीतरी भयंकर रोग, असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणीच नव्हते. १९५३ साली वारा यांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये अशा लोकांसाठी टेलिफोन ठेवला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली, तेव्हा त्यांना चहा देऊन बसवायला काही साधे स्वयंसेवक आले. लवकरच लक्षात आले की त्या स्वयंसेवकांशी बोलूनच कित्येकांचे मन हलके होते आणि फादरना न भेटताच ते घरी जातात. शेवटी वारा यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडेच सोपवले. आम्हा प्रवचनकारांना ही गोष्ट जरा झोंबते, पण खरी आहे. आपल्याकडे नवी मुंबईत १९९८ साली सुरू झालेली ‘आसरा’ ही संस्था याच मार्गाने गेली.

आता सरकारची ‘टेली मानस’ ही सेवाही आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती देशभर सुरू झाली. क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करावा असेही नाही. आई, भाऊ, शेजारी कोणीही करू शकतो. जिवाला तत्काळ धोका असेल तर मात्र फोनवर बोलत बसू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

दारू किंवा इतर नशेसाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. दारूविषयी आपण फार सौम्य असतो. बारशाला, लग्नाला, सणाला ती चालते, आणि एखाद्याच्या हाताबाहेर गेली की त्याचे घर वाळीत पडते. एका घरातल्यांनी मुलगा पुण्याला नोकरीला गेला आहे असे वर्षभर सांगितले. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. तापाने आजारी असता तर आपण त्यांच्याकडे पेज घेऊन गेलो असतो. मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा’चे काम सुरू केले ते अशाच माणसांसाठी. व्यसन हा आजार आहे, अशी त्या कामाची धारणा आहे.

अजूनही एक प्रश्न आम्हाला कबरस्तानात हळू आवाजात विचारला जातो: ‘फादर, अशा माणसाचे दफन चर्चच्या विधीने होते का?’ होते. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात समजून-उमजून जीव देणाऱ्याला विधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायद्यातून ती अट गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो की तीव्र मानसिक त्रास, भय किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. तुमच्या माणसासाठी मिस्सा अर्पण करायला संकोच करू नका. देशाचा कायदाही बदलला आहे. वाचलेल्या माणसाला आरोपी न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे मानावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

आपण रोज शरणपूर रोडवरून जातो. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी वसवलेल्या त्या वस्तीत गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा मिळाला होता. शरण आलेल्याला तो कोणाचा कोण, हे तिथे आधी विचारले गेले नाही.

वरचे तिन्ही क्रमांक चर्चच्या दाराजवळच्या नोटीस बोर्डावर लावले आहेत. तिथे उभे राहून उतरवून घ्यायला लाज वाटत असेल तर हे पान घरी न्या. फोन करताना कोणी सोबत असावे असे वाटले तर पॅरिश ऑफिसात या. फोन तुम्हीच लावा, आम्ही शेजारी बसू. बाहेर थांबा म्हणालात तर बाहेर थांबू.