चौदा मते कमी पडली तेव्हा

19 मे 2016 रोजी स्कॉटलंडमधल्या म्युअरफिल्ड या गोल्फ कोर्सच्या मालक क्लबाने एका मतदानाचा निकाल जाहीर केला. बायकांना सभासद करून घ्यायचे की नाही, हा प्रश्न होता. 616 सभासदांनी मत दिले. 397 जण हो म्हणाले, 219 जण नाही म्हणाले. नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश मते हवी होती, ती चौदांनी हुकली. त्याच दिवशी ओपन चॅम्पियनशिप भरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने सांगून टाकले की, असे असेल तर यापुढे म्युअरफिल्डवर ओपन होणार नाही. दहा महिन्यांनी, मार्च 2017 मध्ये, पुन्हा मतदान झाले. या वेळी 498 विरुद्ध 123. ओपनसाठी म्युअरफिल्डचे नाव पुन्हा यादीत आले.

ही गोष्ट बहुधा स्त्रियांच्या हक्काची लढाई म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. पण मला तिच्यात दुसराच प्रश्न अधिक टोचतो. ज्या मंडळींना तत्त्व पटले नव्हते, त्यांना ओपन गेल्यावर ते पटले. म्हणजे त्या क्लबाच्या दृष्टीने त्याची सगळ्यात मौल्यवान वस्तू ओपन ही होती. ती वस्तू त्याची होती का?

विरोधकांवर टीका करणे सोपे आहे. त्यांच्यातल्या काही जणांनी सभासदांना पत्र पाठवले होते. बायकांमुळे खेळ रेंगाळेल आणि दुपारच्या जेवणाच्या जुन्या प्रथेला बाधा येईल, अशी भीती त्यात होती. जगभर त्याचे हसू झाले. पण त्यांचा मूळ मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. क्लब खासगी, जमीन खासगी, खर्च सभासदांचा. मग कोणासोबत खेळायचे आणि जेवायचे हे ठरवणारे बाकीचे कोण? कायदाही त्यांच्याच बाजूने होता. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्याने केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या क्लबांना मुभा ठेवली आहे, आणि ती ठेवली हे मला योग्य वाटते. माणसांना आपापले कोंडाळे करून बसण्याचा अधिकार असावा, ते कोंडाळे कितीही कंटाळवाणे असले तरी.

हा युक्तिवाद पुरा पडत नाही तो इतिहासापाशी.

ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स हे या क्लबाचे नाव. 1744 मध्ये एडिंबरा शहराच्या कारभाऱ्यांनी या खेळाडूंना एक चांदीचा क्लब, म्हणजे खेळण्याची काठी, बक्षीस म्हणून दिला. त्या स्पर्धेसाठी जे तेरा नियम लिहिले गेले, ते गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम. बक्षीस शहराचे, आणि मैदान लीथचे सार्वजनिक कुरण. स्पर्धेच्या अटींत सरदार आणि प्रतिष्ठितांबरोबर ‘इतर गोल्फपटूं’नाही नाव नोंदवण्याची मुभा होती. लीथला गर्दी वाढली तेव्हा, 1836 मध्ये, मंडळी मसलबराला गेली. तिथलेही मैदान गावाचेच. नऊ होल, भोवती घोड्यांच्या शर्यतीची धावपट्टी, आणि आणखी काही क्लब त्याच गवतावर खेळणारे.

मसलबरा हे मच्छीमारांचे गाव. डिसेंबर 1810 मध्ये तिथल्या गोल्फ क्लबाने ठराव केला की, नववर्षाच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळणाऱ्या कोळिणीला पाठीवर न्यायची मासळीची नवी टोपली आणि शाल द्यायची, वर बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमालही. ऑनरेबल कंपनी तिथे येण्याच्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट. बायकांनी गोल्फ खेळणे परंपरेत बसत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी ही परंपरा कुठली ते सांगावे.

याच गावाने गोल्फला पार्क घराणे दिले. विली पार्क (थोरला) 1860 च्या पहिल्या ओपनचा विजेता. त्याच्या मुलाने 1889 मध्ये ओपन जिंकली, ती मसलबराच्याच मैदानावर. तिथे झालेली ती सहावी आणि शेवटची ओपन ठरली. कारण 1891 मध्ये ऑनरेबल कंपनी गलन गावाजवळ स्वतःच्या कुंपणबंद मैदानावर, म्हणजे म्युअरफिल्डवर, राहायला गेली, आणि जाताना ओपनही घेऊन गेली. तसा तिला अधिकार होता. क्लॅरेट जग नावाने ओळखला जाणारा चषक प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी मिळून घडवून घेतला होता आणि स्पर्धा तिघांकडे आळीपाळीने व्हायची. 1892 ची पाळी कंपनीची. मसलबराकर चिडले, त्यांनी आपली वेगळी स्पर्धा भरवली, पण मान गेला तो गेलाच. त्या वर्षी ओपन पहिल्यांदाच 72 होलची झाली आणि हॅरल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने ती जिंकली.

म्हणून म्युअरफिल्डचा ‘वारसा’ म्हटले की मला आधी हे स्थलांतर आठवते. घरभाडे न भरता वाढलेले मूल वेगळे घर बांधून दाराला कडी लावते, तसा हा प्रकार.

कोर्सच्या गुणवत्तेबद्दल मात्र वाद नाही. पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या दिशेने जातात, पुढचे नऊ आतून उलट दिशेने. त्यामुळे समुद्रावरचा वारा वारंवार वेगळ्या बाजूने भिडतो आणि मागच्या होलचा अंदाज पुढे कामाला येत नाही. आजची आखणी मुख्यतः 1920 च्या दशकात हॅरी कोल्टने केलेली आहे. जॅक निकलस इथे 1966 मध्ये जिंकला आणि पुढे ओहायोत स्वतः उभारलेल्या कोर्सला त्याने म्युअरफिल्डचेच नाव दिले. 1987 मध्ये निक फाल्डोने शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत, पूर्ण करून ओपन जिंकली. एकही चमकदार होल नाही, एकही चूक नाही. असला विजय याच मैदानाला शोभतो.

पण विजेत्यांची यादी पुन्हा वाचावी. 1929 चा विजेता वॉल्टर हेगन. व्यावसायिक खेळाडूंना क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही म्हणून 1920 मध्ये डील येथे त्याने एक आलिशान मोटार दारासमोर उभी करून तिच्यातच कपडे बदलले होते. 1972 चा ली ट्रेविनो, टेक्ससमधल्या गरीब मेक्सिकन घरातला, लहानपणी कॅडीचे काम केलेला. म्युअरफिल्डची कीर्ती ज्यांनी घडवली, त्यांतल्या बहुतेकांना तिथल्या भोजनगृहात सभासद म्हणून बसण्याची संधी कधीच नव्हती. कुंपण सभासदांचे आणि इतिहास पाहुण्यांचा, अशी ही वाटणी आहे. इतिहासाचे माप स्वतःच्या पदरात घालायचे आणि प्रश्न आला की खासगीपणाचा दाखला द्यायचा, हे एकाच वेळी चालणार नाही.

आर अँड ए या प्रकरणात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली, पण तिचेही हात स्वच्छ नव्हते. सेंट अँड्र्यूजच्या ज्या क्लबातून ती निघाली, त्याने स्वतः बायकांना 2014 मध्ये सभासदत्व देऊ केले. 2013 ची ओपन म्युअरफिल्डवरच झाली, सभासद तेव्हाही फक्त पुरुष, आणि स्कॉटलंडचे प्रथम मंत्री ॲलेक्स सॅमंड त्या कारणाने गेले नाहीत. संस्थेला मात्र तेव्हा त्यात काही खटकले नाही.

आपल्याकडे मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात विलिंग्डन क्लब निघाला, तो हिंदी लोकांनाही सभासद होता यावे म्हणून. आज त्याच शहरात सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनींवर जिमखाने उभे आहेत. सार्वजनिक जमिनीवरच्या खासगी दारांचा हिशेब मागायला आपल्यालाही स्कॉटलंडपर्यंत जावे लागणार नाही.

2019 मध्ये बारा स्त्रियांना म्युअरफिल्डच्या सभासदत्वाचे निमंत्रण गेले. 2022 मध्ये तिथे पहिल्यांदा महिलांची ओपन झाली. दक्षिण आफ्रिकेची ॲशली बुहाय आणि कोरियाची चुन इन-जी बरोबरीत राहिल्या, अठरावा होल पुन्हा पुन्हा खेळवावा लागला, आणि चौथ्या खेपेला, अंधारून आले असताना, बुहायने बंकरमधून मारलेल्या एका अप्रतिम फटक्यावर निकाल लागला. हा क्षण आता म्युअरफिल्डच्या वारशात मोजला जातो. तो दुसऱ्या मतदानामुळे मिळाला, आणि ते मतदान चषकाच्या धाकाने झाले, हे क्लबाने विसरू नये. आर अँड एनेही अशी अट स्पर्धा दिल्यानंतर नव्हे, देण्याआधी घालायला हवी होती. तिला ते कितीतरी आधी करता आले असते.