चित्रकार आणि ड्रॉइंगचे सर

चिचगडात मला कोणी चित्रकार म्हणत नाही. 'ड्रॉइंगचे सर' म्हणतात. मंडईचे दिवस आले की कोणी नाटकाचा बोर्ड रंगवून मागतो, लग्नसराईत कोणी भिंतीवर नवरा-नवरीचं नाव. एका आजीनं एकदा सरळ विचारलं, "सर, तुमी चित्रं काढता का काढाले शिकवता जी?"

दोन्ही करतो म्हणणं सोपं आहे. पण दिवस एकच असतो. बांध्यांत धान निसवतं, बोड्या तुडुंब असतात, रंग हाती घ्यावेत असे ते दिवस; आणि तेव्हाच एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी चालू असते. पोरं वस्तुचित्राला बसलेली, मी त्यांच्या पाठीशी उभा.

वेळेपेक्षा अवघड प्रश्न हाताचा आहे. पोराच्या तांब्याची कड वाकडी जाते. एका रेघेत मी ती सरळ करू शकतो. मग ते चित्र त्याचं राहत नाही, आणि माझंही होत नाही. एका मुलीनं मोहाचं झाड काढलं. बुंध्याशी टोपली भलीमोठी. प्रमाण चुकलंच होतं. पण पहाटे मोहफुलं वेचणाऱ्याला टोपलीच मोठी दिसणार! मी म्हटलं, "परीक्षेत टोपली लहान काढ बाई, पण हे चित्र असंच ठेव." पहिलं वाक्य मास्तराचं, दुसरं चित्रकाराचं.

आपल्या शेजारच्या साकोलीत १९१७ साली जन्मलेले शंकर पळशीकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथंच शिकवू लागले, १९६८ ते १९७५ अधिष्ठाता होते. अकबर पदमसी, तैयब मेहता त्यांचे विद्यार्थी. शिकवता शिकवता ते स्वतःही रंगवत राहिले. मास्तरकीनं चित्रकार खाल्ला, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव आठवावं. अर्थात जे. जे. वेगळं आणि आमच्या शाळेचा व्हरांडा वेगळा.

म्हणून मी रविवारची सकाळ कोणाला देत नाही. बोर्डवाल्यालाही नाही. गावाला हा स्वार्थ वाटतो. मला वाटतं, ते पोरांचंच देणं आहे. कोऱ्या कागदाची धास्ती ज्याला आता वाटतच नाही, तो दुसऱ्याच्या थरथरत्या पेन्सिलीला धीर काय देणार? आपलं चित्र बिघडतं तेव्हाच पोराचं बिघडलेलं चित्र नीट पाहता येतं.