काळजी करणें आणि काळजी घेणें

आपल्या मराठींत ‘काळजी’ या एकाच शब्दाला दोन क्रियापदें लागतात, आणि क्रियापद बदलतांच अर्थ पार पालटतो. काळजी करणें निराळें आणि काळजी घेणें निराळें. संकटाच्या काळीं मनुष्य पहिलें करीत बसतो आणि दुसरें केल्याचें समाधान मानतो, हीच यांतील खरी मेख आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत सारा देश घरांत कोंडला गेला, तेव्हांची गोष्ट. दर तासाला मी दूरचित्रवाणीवर रुग्णांचे व मृतांचे आंकडे पाहात असें. एखादे वेळीं ते पाहावयाचे राहिले, तर आपण कोणाचा तरी अपराध केला असें वाटे. आमच्याच इमारतींत वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहात. त्यांचें रक्तदाबाचें औषध संपल्याचें मला दोन दिवस कळलेंहि नाहीं; शेजारच्या एका तरुणानें तें आणून दिलें. जिला मी सहानुभूति समजत होतों, ती केवळ माझी अस्वस्थता होती, हें मला त्या दिवशीं उमगलें.

‘भोंवतीं एवढें दुःख असतां स्वतःच्या मनाची शांति सांभाळणें हा स्वार्थ नव्हे काय?’ असा प्रश्न सज्जनांना पडतो, व तो टाकाऊ नाहीं. दुसऱ्याचें दुःख दिसूं नये म्हणून खिडकी लावून घेणाऱ्याची शांति स्वार्थाचीच होय. परंतु आपल्या तळमळीनें दुसऱ्याचा भार तिळभरहि हलका होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत ब्रह्मदेशांतील मंडालेच्या तुरुंगांत होते. प्रकृति ढासळलेली, भविष्य अनिश्चित. तशांतहि १९१०–११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं पेन्सिलीनें ‘गीतारहस्या’चा खर्डा लिहून काढला. पुढें १९१२ सालीं पत्नीच्या निधनाची वार्ताहि त्यांना तेथेंच ऐकावी लागली. ग्रंथांत मन गुंतविलें म्हणून त्यांनीं देशाकडे पाठ फिरविली असें कोण म्हणेल?

अर्थात् असें धैर्य सर्वांनाच लाभत नाहीं, व तें नसणें हा दोष नव्हे. झोंप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, आणि आठवड्यांमागून आठवडे तसेच गेले, तर तें दुखणें समजून डॉक्टरांकडे जावें. ताप आल्यास आपण लाजत नाहीं. मग येथेंच लाज कां? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें सरकारी सेवांतून असे उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. घरच्यांनीं मात्र ‘मन घट्ट कर’ एवढें म्हणून त्या माणसाची बोळवण करूं नये. त्याच्यापाशीं घटकाभर बसावें.

उद्यां काय होईल हें पूर्वींहि कोणास ठाऊक नव्हतें. मी आतां बातम्या दिवसांतून एकदांच ऐकतों, आणि रात्रीं दिवा मालवितांना स्वतःला विचारतों, कीं आज आपण कोणाची काळजी घेतली? त्या उत्तरांत आपल्या स्वतःच्या मनाचें नांव आलें, तर त्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं.