पानाचा तोडलेला तुकडा



आजचं वाचन केनोपनिषदाच्या पहिल्या खंडातलं. डोळ्यांना जे दिसत नाही, पण ज्याच्यामुळे डोळे पाहू शकतात, ते ब्रह्म. हे मी कितीदा वाचलंय! आणि तरी गेल्या वर्षी तेच डोळ्यांना दाखवायला निघाले होते.

आमच्या सोसायटीच्या शनिवारच्या सत्संगात मी 'ओळखा पाहू' खेळले होते. भिंतीवर फोटो लावायचा आणि विचारायचं, हे काय? काळोखात निळ्या-जांभळ्या ठिणग्यांची झालर असलेला एक लंबगोल. कुणी म्हणालं ग्रहण, कुणी म्हणालं दिव्याची ज्योत. ते माणसाचं बोट होतं. पुढचं होतं झाडाचं पान, शिरा न् शिरा उजळलेल्या. आणि शेवटी हुकमी फोटो : पानाचा एक भाग कापून टाकलाय, पण कापलेल्या जागी त्याची पुसट आकृती तशीच चमकतेय. खोलीत एकदम शांतता. मी म्हटलं, "देह जातो, ते राहतं."

बी विंगमधल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्यांनी तो फोटो माझ्याकडून छापून घेतला आणि देवघरात ठेवला.

जाताना इंजिनिअरिंगच्या एका मुलाने विचारलं, "ताई, नाण्याचा असा फोटो येतो का?"

येतो. माझ्या लॅपटॉपवर होता. मी मुद्दाम वगळला होता.

घरी येऊन मग नीट वाचत बसले. हे किर्लियन फोटो. दक्षिण रशियातल्या क्रास्नोदार शहरात विजेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या सेम्योन किर्लियन यांना 1939 साली हा प्रकार दिसला. पुढे पत्नी वालेंतिना यांच्यासोबत त्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. धातूच्या पट्टीवर फिल्म, फिल्मवर वस्तू, आणि पट्टीला फार मोठ्या व्होल्टेजचा झटका. वस्तूच्या कडेची हवा विजेने फुटते आणि चमकते. निळा-जांभळा रंग मुख्यतः हवेतल्या नायट्रोजनचा. (त्याच्याही आधी, 1777 च्या सुमारास, जर्मनीत लिश्टेनबर्ग यांना राळेच्या थाळीवर विजेने उमटलेल्या फांद्या धुळीत दिसल्या होत्या. सुंदर असतात त्या, जरूर बघा.)

झालर कमी-जास्त का होते? 1976 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये छापलं की मुख्य कारण ओलावा. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला घाम असतो, शांत माणसाचं बोट कोरडं. म्हणून फोटो बदलतो. आणि तोडलेलं पान? आधी त्याच जागी अख्खं पान ठेवलेलं असलं तर त्याचा ओलसर ठसा मागे राहतो, आणि तोच चमकतो. काच स्वच्छ पुसली की भूत गायब.

हे ग्रुपवर सांगितलं तर एकाचा मेसेज, "पण ताई, नाण्यातही ब्रह्मच की!" हसले मी. पण ही पळवाट आहे, कारण पान वाळत गेलं की ती चमक घटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवान काय सांगतात? वारा ज्याला सुकवू शकत नाही, तो आत्मा. म्हणजे मी सत्संगात ज्याच्याकडे बोट दाखवलं, ते नेमकं सुकणारं होतं!

दुसरी म्हणाली, "जाऊ दे ना, श्रद्धा तर वाढली." हा प्रश्न मात्र मला बरेच दिवस टोचत होता. खऱ्या गोष्टीसाठी खोटा पुरावा दिला तर बिघडलं कुठे? वेदान्तातला दोरीवरचा साप आठवा. सापाची भीती वाटते म्हणून आपण दिवा आणायला धावतो. पण दोरीच्या जागी आपल्याला हवं तेच दिसत असेल, तर दिवा कुणाला हवा असतो? मला नको होता. नाण्याचा फोटो हाच तो दिवा होता, आणि तो मी लपवला. श्रद्धा वाढवायला नव्हे. खोलीतली ती शांतता मला आवडली होती, म्हणून.

काकूंना सांगायचं की नाही, यात दोन महिने गेले. वाटायचं, कुणाचा आधार कशाला काढून घ्या! मग लक्षात आलं, त्यांना हे उद्या कुठल्या तरी व्हिडिओतून कळलं तर आधारही जाईल आणि मीही.

गेले एकदाची. सगळं सांगितलं. काकू बराच वेळ फोटोकडे बघत होत्या.

"म्हणजे हा ओलाव्याचा डाग?"

"हो."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाण्याचं माहीत होतं, काकू."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून चहा टाकला. माझ्या कपात साखर घालायला विसरल्या, मीही मागितली नाही. निघताना दारात म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी काही पुरावा मागितला नव्हता गं. तूच आणून दिलास."

परवा पुन्हा गेले होते. देवघरात आता फक्त काकांचा फोटो आहे. पानाचा फोटो फ्रिजच्या दारावर, वाण्याच्या यादीशेजारी. मी बघतेय हे पाहून म्हणाल्या, "राहू दे. दिसतो छान."