शंकासमाधान : पाळकांच्या स्मृतिसभेत काय बोलावे?

शंका : माझे बाबा आयुष्यभर पाळक होते. गेल्या महिन्यात प्रभूने त्यांना बोलावून घेतले. पुढच्या रविवारी उपासनेनंतर स्मृतिसभा आहे आणि घरच्यांतर्फे मी बोलावे असा मंडळीचा आग्रह आहे. बाबांवर माझा फार जीव होता. पण मला आठवतात ते भरल्या ताटावरून उठून कुणाच्या आजारपणाला धावणारे बाबा. माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. दमून घरी आले की कधीकधी आईवर संतापायचे. सभेत सगळे त्यांना देवदूत म्हणतील. मीही तेच म्हटले तर ते खोटे होईल आणि नाही म्हटले तर निंदा. मी काय करू?
— पाळकांची मुलगी, नगर जिल्हा

समाधान : ताई, खोटे बोलू नका आणि निंदेचे भयही बाळगू नका. ज्या माणसावर आपला जीव असतो त्याचे खरे सांगणे ही निंदा नव्हे.

तुम्ही नगरकडच्या आहात, म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच उदाहरण घेऊ. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उन्मळला. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावर, 1900 मध्ये, त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळक 9 मे 1919 रोजी गेले. पुढे मुलाने, देवदत्ताने, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. 1934 ते 1936 या काळात ती प्रसिद्ध झाली. त्यात टिळकांचा शीघ्रकोप आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे आहे, आणि घरात चूल कशी पेटली हेही आहे. बाईंनी काही झाकले नाही. तरी ते पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर कमी झाला, असे म्हणणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही. उलट, हाच माणूस अनाथ पोरांना घरी आणत होता आणि बालकवींसारख्या कोवळ्या कवीला आपल्या घरात मुलासारखे वागवत होता, हे आपल्याला पटते ते बाईंनी बाकीचे लपवले नाही म्हणूनच.

पवित्र शास्त्राचीही हीच रीत आहे. मोशेसाठी इस्राएल लोकांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला हे अनुवादाच्या पुस्तकात आहे आणि मरीबाच्या पाण्याजवळ त्याच्या हातून काय घडले, हेही त्याच पुस्तकात आहे. दावीदाचे पाप आणि पेत्राचे नाकारणे कुणी खोडून टाकले नाही. आपल्या स्मृतिसभांत मात्र पाळकाला इतके निर्दोष करून टाकतात की तो कुणाचाच उरत नाही. मला हे पाहून वाईट वाटते. ज्याला राग येत नव्हता, ज्याला थकवा ठाऊक नव्हता, अशा माणसाकडून तरुण पाळकाने काय शिकावे?

एक सीमा मात्र पाळा. लक्ष्मीबाईंनी सांगितले ते त्यांचे स्वतःचे दुःख होते. तुमच्या वाट्याला बाबा कमी आले, हे सांगण्याचा हक्क तुमचा आहे. आईवर ते संतापायचे, हे सांगायचे की नाही ते आईने ठरवावे. सभेआधी तिच्याजवळ बसा, काय बोलणार ते तिला वाचून दाखवा आणि ती नको म्हणेल तो भाग वगळा. कौटुंबिक उणीव आणि कुणावर केलेला गंभीर अन्याय यांतही फरक आहे. तसे काही असते तर त्याची दाद स्मृतिसभेत नव्हे, योग्य ठिकाणी लावायला हवी होती. तुमच्या पत्रात तसे काही मला दिसत नाही.

आणि मोघम बोलू नका. यापोत दुर्कस वारली तेव्हा तिथल्या विधवांनी पेत्राला तिचे गुणवर्णन ऐकवले नाही, तिने शिवलेली वस्त्रे पुढे करून दाखवली. तुम्हीही ते ताट सांगा, बाबा कुणाकडे धावले ते सांगा, आणि मागे राहिलेल्या मुलीला काय वाटले तेही सांगा. ज्यांच्याकडे ते धावले, ती माणसे समोर बसलेली असतील. तुमच्या घराने काय दिले, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळेल.

शंका : वर्षदिनी पाळकांच्या फोटोला हार घालणे, मेणबत्ती लावणे, त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणे योग्य आहे का?

समाधान : हार आणि मेणबत्ती ही आदराची खूण राहिली, तिची पूजा झाली नाही, तर हरकत नाही. मृतांसाठी प्रार्थनेबाबत पंथांत भेद आहे. कॅथलिक बंधुभगिनी 2 नोव्हेंबरला ती आवर्जून करतात, आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा करत नाहीत. आपण मृतासाठी देवाची उपकारस्तुती करतो आणि प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी करतो. शेजारचा वेगळे करतो म्हणून वाद घालू नका. टिळकांची भजने ‘उपासनासंगीता’त आहेत. ती टाळमृदंगावर म्हणा.

शंका : आमच्या दिवंगत पाळकसाहेबांच्या स्मरणार्थ देवळात संगमरवरी फलक बसवायचे ठरले आहे. वर्गणी जमते आहे. पण नवे पाळक येणार असल्याने पाळकबाईंना बंगला लवकर रिकामा करायला सांगितले आहे. काहींना हे खटकते. नियम तर नियमच आहे ना?
— मंडळीचे एक वडील

समाधान : बंधू, खटकते ते बरोबरच आहे. बंगला मंडळीचा आहे आणि नव्या पाळकाला घर हवे, हे मान्य. पण ज्या बाईने वर्षानुवर्षे अवेळी आलेल्या प्रत्येकाला त्याच बंगल्यात चहा करून दिला, तिने नवऱ्याच्या दफनानंतर सामान कुठे न्यायचे, हा प्रश्न तिचा एकटीचा कसा? 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला तेव्हा त्या निर्णयाचा भार लक्ष्मीबाईंनीही उचलला. पाळकाची सेवा एकट्याची कधीच नसते.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. पहिल्या मंडळीत कुरकुर उठली ती रोजच्या वाटणीत विधवांकडे दुर्लक्ष झाले म्हणून. प्रेषितांनी ती दाबली नाही, सात माणसे नेमून व्यवस्था लावली. तुमच्याकडेही तेच व्हावे. पाळकसाहेबांचा भविष्यनिर्वाह निधी आणि थकलेला पगार आधी मिळवून द्या. कागदपत्रांसाठी बाईंना एकटीला कचेरीच्या पायऱ्या चढायला लावू नका. मुलांचे शाळेचे वर्ष संपेपर्यंत त्यांना राहू द्या आणि नव्या पाळकांची सोय तोवर भाड्याच्या घरात करा. भाड्यासाठी वर्गणी आहेच. दात्यांना विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील.

फलक पुढच्या वर्षी लावला तरी चालेल. बाईंना दिलेली नोटीस मात्र येत्या बैठकीतच मागे घ्या.