निष्ठा आणि घरचा उंबरठा

निष्ठेची परीक्षा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहांचें रिंगण किंवा राजाचा दरबार उभा राहतो. ख्रिस्तचरित्रांतील सर्वांत बोलकी परीक्षा मात्र अंगणांतल्या एका शेकोटीपाशीं झाली. पेत्रानें त्याच रात्रीं गुरूसाठीं तरवार उपसली होती. पण एका दासीनें त्यास ओळखतांच तो गडबडला आणि कोंबडा आरवण्यापूर्वीं तीनदां नाहीं म्हणून मोकळा झाला. संकट शस्त्र घेऊन आलें म्हणजे मनुष्य कंबर कसतो. तें ओळखीच्या आवाजांत बोलूं लागलें म्हणजे संकट आहे हेंच त्यास उमगत नाहीं.

हें दुसऱ्या जातीचें संकट आमच्याकडे नारायण वामन टिळकांनीं जितकें भोगलें तितकें थोड्यांनींच भोगलें असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर तरवार कोणीं उगारली नाहीं. पत्नी आणि लहान मुलगा दत्तू दुरावले, एवढेंच. पण त्या 'एवढेंच' मध्यें सर्व कांहीं आलें. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयास राहिल्या, आणि त्या ताटातुटीचे कांहीं दिवस त्यांनीं पंढरपुरास काढले. ही गोष्ट आम्हांस नेहमीं विलक्षण वाटत आली आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. त्या तुकोबाचा देव जेथें विटेवर उभा आहे, त्याच गांवीं टिळकांच्या पत्नीनें त्या पुलापलीकडे गेलेल्या नवऱ्यासाठीं डोळे गाळावे!

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. निष्ठा टिळकांची, पण तिची किंमत कोणीं भरली? लक्ष्मीबाईंची संमति नव्हती. आईबापांहून व लेकरांहून मजवर अधिक प्रीति करा, असा ख्रिस्ताचा कठोर उपदेश आहे खरा, परंतु आप्पलपोट्या मनुष्याच्या तोंडीं तें वचन फार सोयीचें होतें. श्रद्धेच्या नांवाखालीं संसाराची जबाबदारी झुगारणारे सर्व धर्मांत सांपडतात. मग टिळकांस त्यांहून निराळे कां मानावें?

उत्तर त्यांच्या पुढील वर्तनांत पाहावें लागतें. धर्मांतरामुळें जोडीदार सोडून गेल्यास कोर्टामार्फत मोकळें होण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें ख्रिस्ती झालेल्यांस दिली होती. टिळकांनीं ती वाट धरली नाहीं, ते थांबले. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदु राहूनच, आपलें सोंवळेंओंवळें बरोबर घेऊन. एकाच छपराखालीं ख्रिस्ती नवरा आणि सोंवळ्यांतली बायको! टिळक स्वभावानें तापट. तरी या एका बाबतींत त्यांनीं सक्ति केली नाहीं. आपली श्रद्धा जितकी आपली, तितकीच समोरच्याची त्याची, हें ज्यास कळतें त्याच्याच हट्टास आम्ही निष्ठा म्हणूं. बाकीच्यांचा तो केवळ हट्ट.

आणि लक्ष्मीबाईंस काय म्हणावें? त्यांचें सोंवळेंही निष्ठाच होती. नवरा, एकटेपण आणि लोकांची कुजबूज यांपुढें त्या वाकल्या नाहींत. स्पर्शास्पर्शाचा विचार स्वतःच्या मनानें निकालांत निघाला तेव्हांच त्या हलल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास ठाऊक आहे कीं ही हकीकत त्या स्वतःस न सोडतां, हंसत हंसत सांगतात. हुतात्म्यांच्या चरित्रांत हंसूं क्वचितच येतें. आम्हांस तर तेंच सच्चेपणाचें लक्षण वाटतें.

टिळकांवरचा दाब पुढेंही सुटला नाहीं; फक्त त्याची दिशा बदलली. पूर्वीं सनातनी म्हणत, तूं परका झालास. आतां अभंग आणि कीर्तन हीं ख्रिस्ती उपासनेंत आणणारा हा मनुष्य कांहीं स्वधर्मीयांस फारच देशी वाटूं लागला. शेवटीं १९१७ त त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीनें 'देवाचा दरबार' मांडला. पहिला त्याग सोपा नव्हता. पण आपल्याच माणसांच्या मान्यतेवर पाणी सोडणें हा दुसरा त्याग आम्हांस अधिक अवघड वाटतो, कारण तेथें टाळ्या वाजवावयास कोणीच उरत नाहीं.

१९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें आणि पुरें केलें.